निष्कलंक कोबी

"गोगलगायींचं मी बघतो," असं एका सकाळी चहा पिता पिता मी बोलून गेलो. (चहा चांगला झाला की मी असली आश्वासनं देतो. बायको चहा चांगला करते तो म्हणूनच.)

प्रश्न तिच्या कोबीचा होता. आमच्या वसाहतीच्या भाजी-प्रदर्शनात चषक दरवर्षी थोरली मेहुणी नेते. तिचं घर आमच्या कुंपणापलीकडेच. तिथे तो चषक अशा जागी ठेवलाय की आपण कुठल्याही खुर्चीत बसलो तरी तो आपल्यालाच बघून हसतो. यंदा मात्र बायकोच्या कोबीनं असं अंग धरलं होतं, की चषकाची बदली नक्की. तेवढ्यात गोगलगायी आल्या. बिनशंखाच्या, लिबलिबीत, घर ना दार, आणि जेवायला आमच्याकडे. औषध मारायचं नाही हा प्रदर्शनाचा नियम. उपाय नैसर्गिकच हवा.

अंड्याची टरफलं त्यांना टोचतात असं कळलं, म्हणून घरात तिन्ही त्रिकाळ अंडी सुरू झाली. सासरे आलटून-पालटून दोन्ही लेकींकडे राहतात. तेव्हा आमची पाळी होती. ते म्हणाले, "जावईबापू, आता पहाटे मला आरवायला येईल." टरफलं वाफ्याभोवती पसरली. पायघड्या घातल्यासारख्या गोगलगायी त्यावरून आल्या.

मग ऑफिसातल्या एकानं सांगितलं, जमिनीत बशी पुरून बिअर ओता, पितात आणि बुडतात. ओतली. सकाळी बश्या कोरड्या, गोगलगाय एकही बुडालेली नाही, आणि सासऱ्यांच्या मिशीला माती. रोज संध्याकाळी बागेवर पहारा द्यायचं त्यांनी आपणहून कबूल केलं. मेहुणीकडे जायची पाळी ते यंदा विसरलेच.

शेवटचा उपाय केसांचा. कापलेल्या केसांवरून गोगलगाय सरकत नाही म्हणे. माझ्या डोक्यावरच्या ऐवजात एका गोगलगायीचीही वाट अडली नसती, म्हणून पोतं घेऊन न्हाव्याकडे गेलो. त्यानं माझ्या डोक्याकडे बराच वेळ मायेनं पाहिलं.

"एवढे सगळे?"

"आणखी असतील तर तेही द्या. दाट पसरायचेत."

"काळेच देतो, शोभतील," तो म्हणाला. "आणि मी कुणाला बोलणार नाही."

(बागकामात इतकी गुप्तता असते हे मला ठाऊक नव्हतं.)

केसांनी मात्र कमाल केली. गोगलगायी जथ्यानं कुंपण ओलांडून मेहुणीकडे गेल्या. आम्ही तिकडे जाऊन हळहळून आलो. दरम्यान लोक माझ्याशी फार हळुवार बोलू लागले. साहेबसुद्धा खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "या वयात असा निर्णय घ्यायला धाडस लागतं." मला वाटलं, कोबीबद्दल.

प्रदर्शनात आमचा कोबी चेंडूसारखा गुळगुळीत, मेहुणीच्या कोबीची चाळण. परीक्षकांनी आमचा कोबी फिरवून फिरवून पाहिला, एक पान तोडून तोंडात टाकलं आणि म्हणाले, "एकही भोक नाही? हे औषधाचं काम आहे."

बायकोचा चेहरा पडला. "अहो, बोला ना काहीतरी."

मी बोललो. अंडी सांगितली, बिअर सांगितली (सासरे छताकडे बघू लागले), न्हाव्याचे केस सांगितले. चावता चावता परीक्षक थांबले. मग त्यांनी तोंडातून सावकाश एक लांब काळा केस ओढून काढला. औषध नव्हतं हे सिद्ध झालं. चषक मेहुणीला मिळाला.

गर्दीतून न्हावी पुढे आला. त्यानं माझा हात धरला. "साहेब, म्हणजे ते केस टोपासाठी नव्हते? अहो, सगळी वसाहत वाट बघतेय."

घरी परतताना बायको दोन पावलं मागून चालत होती. चषक गेल्याचं दुःख मला समजत होतं. फाटकाशी आल्यावर मी म्हटलं, "पुढच्या वर्षी नक्की."

"कोबीचं जाऊ द्या हो," ती माझ्या डोक्याकडे बघत म्हणाली. "मला वाटलं होतं, वाफ्यातून उरले तर थोडे स्वतःसाठीही ठेवाल."