फ्रिजमधले पावणे

भूपालअण्णा फ्रिज उघडण्याआधी दारावर टकटक करायचे. कोल्हापूरच्या आमच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राचे ते लॅब अटेंडंट. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी तिथं नवा शिकवायला लागलो, तेव्हा वाटलं, माणसाचा एखादा स्क्रू ढिला असावा.

"आत पावणं झोपल्यात सर. एकदम उजेड कशाला?"

पावणं म्हणजे नळ्यांतले जिवाणू. त्यांना थंडी कशी कळते, हे मी फळाभर आकृत्या काढून सांगे आणि पोरं जांभया देत. एकदा अण्णा दारातूनच म्हणाले, "खोबरेल थंडीत थिजतंय, शेंगतेल थिजतंय व्हय? ह्यांची कातडी खोबरेलागत ताठली की ह्यास्नी कळतंय, गारठा आला. मग वाढायचं थांबत्यात आन् कातडीत शेंगतेल भरत्यात. सैल झाली की परत सुरू!" पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी फळा पुसला.

वाढ दिसेना म्हणून एखादी नळी टाकून द्यायला निघालो की अण्णा आडवे यायचे. "थांबल्यात सर, मेलं न्हाईत."

अण्णांची एकुलती एक मुलगी सुनंदा. तिनं स्वतःच्या मनानं लग्न केलं, जयसिंगपूरला गेली आणि अण्णांनी बोलणं टाकलं. तिची अंतर्देशीय पत्रं कॉलेजच्या पत्त्यावर यायची. अण्णा ती न उघडताच खिशात घालायचे. कुणी विचारलंच तर, "फाडून टाकतो की." मला त्यांचा भयंकर राग यायचा. जगातल्या जंतूंची काळजी, आणि पोटच्या पोरीला हा न्याय!

तीनेक वर्षांनी नवा फ्रिज आला. त्या सकाळी इतकं धुकं होतं की समोरचं मैदान कुणी झोपेत पुसून टाकल्यासारखं दिसत होतं. जुना फ्रिज रिकामा करताना खालच्या कप्प्यात, नळ्यांच्या मागं, प्लास्टिकच्या पिशवीत सुनंदाची पत्रं निघाली. सगळी. एकही फोडलेलं नाही. प्रत्येकावर अण्णांच्या अक्षरात तारखेची चिठ्ठी, नळ्यांवर लावायचे तशीच.

"अण्णा, उघडा की आता," मी म्हणालो.

"एकदम नगो सर. जरा ऊब लागू दे."

खिडकीशी धुक्यातून जेमतेम ऊन उतरलं होतं. तिथं त्यांनी पत्रं एकेक करून मांडली आणि स्टुलावर बसून राहिले. मीही बसलो. तास बुडाला.

मग त्यांनी सगळ्यात जुनं पत्र उचललं, आणि फोडण्याआधी त्यावर बोटानं हळूच टकटक केलं.