बिछान्याखालची ओल

"ज्या माणसानं चौतीस वर्षं लिफ्ट तपासल्या, त्याला एक जुनी गाडी काय फसवणार?" असं भिंगसाहेब आठवडाभर भेटेल त्याला ऐकवत होते. पेपरवाल्याला ऐकवून झालं, शेजाऱ्याला दोनदा ऐकवून झालं, आणि चुकून फोन लागलेल्या एका परक्या माणसालाही त्यांनी ऐकवलं. त्या बिचाऱ्यानं "बरोबर आहे" म्हणून फोन ठेवला.

भिंगसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ऑफिसातल्या लोकांनी ते ठेवलेलं होतं, आणि कौतुकानं ठेवलंय अशी त्यांची समजूत होती. खरं कारण निराळंच होतं. एकदा एका सैल स्क्रूपायी त्यांनी नऊ मजली इमारतीची लिफ्ट अकरा दिवस बंद ठेवली होती. सरकारी शिक्का आणि तो स्क्रू त्यांनी एकाच पाकिटात जपून ठेवला होता.

निवृत्त झाल्यावर त्यांच्या मनानं घेतलं, की आता चाकावरचं घर घ्यायचं आणि बायकोला घेऊन हिंडायचं. जाहिरातीत एक मोटारहोम सापडली. आठ वर्षं जुनी, पण फारशी न वापरलेली. आत ओटा, संडास, न्हाणी, दोघांचा पलंग, चामड्याच्या खुर्च्या. "राजेशाही" असा शब्दच होता जाहिरातीत. बायकोनं जाहिरात वाचली, चष्मा काढला आणि म्हणाली, "बघून या. तुम्हाला पटली तर माझी ना नाही."

असं बिनधास्त बोलायला तिच्याकडे कारण होतं. लग्नाला तीस वर्षं झाली होती आणि ह्यांना पहिल्या फटक्यात काहीही पटल्याचं तिनं पाहिलं नव्हतं. लग्नही तिसऱ्या बैठकीत ठरलं होतं.

रविवारी सकाळी दोघं निघाली. भिंगसाहेबांच्या पिशवीत विजेरी, लोहचुंबक, पाणसळ, रबरी हातोडी, काठीला लावलेला छोटा आरसा आणि एकशेचाळीस मुद्द्यांची यादी होती.

गाडी विकणारे दातांचे डॉक्टर होते. किरकोळ अंगाचे, हळू बोलणारे. त्यांची बायको उंचीपुरी, मनगटं भक्कम. बावीस वर्षं शाळेची बस चालवत होती म्हणे. घराची भिंत आणि कुंपणाची भिंत यांच्या मधल्या बोळात गाडी उभी होती, आणि डॉक्टरीणबाई तिची काच पुसत होत्या. एकदा पुसून झालेलीच काच पुन्हा पुसत होत्या.

"बघा, काय हवं ते बघा," डॉक्टर म्हणाले.

भिंगसाहेब बायकोच्या कानाशी आले. "काहीही बघा म्हणणारा माणूस काहीतरी दडवत असतो."

"आणि बघू नका म्हणणारा?"

"तोही."

मग त्यांनी डॉक्टरांना सरळ विचारलं, "विकायचं कारण?"

"वेळ होत नाही हो," असं म्हणत डॉक्टरांनी मान फिरवली. भिंगसाहेबांनी वहीत लिहिलं: "मालक नजर चुकवतो."

तपासणी सुरू झाली. त्यांनी टायरच्या खाचा मोजल्या. इंजिन चालू करवून त्याला कान लावला. कागदपत्रं उन्हात धरून पाहिली. रबरी हातोडीनं सगळ्या भिंती ठोकल्या, डॉक्टर पेशंटच्या दाढा ठोकतात तशा. कुठेच काही नाही. गाडी ठणठणीत होती. दुसरा एखादा माणूस खूश झाला असता. भिंगसाहेबांचा चेहरा मात्र मुद्द्यागणिक उतरत गेला. दोष सापडला नाही म्हणजे शोधणारा कमी पडला, असं ते चौतीस वर्षं हाताखालच्यांना बजावत आले होते.

सदतिसावा मुद्दा होता सरकत्या भिंतीचा. या गाडीत एक बटण दाबलं की बाजूची अख्खी भिंत खणासारखी बाहेर सरकायची आणि आतली खोली मोठी व्हायची.

"ते बटण इथे नका दाबू, बाहेर जागा..." डॉक्टरीणबाई म्हणेपर्यंत बटण दाबून झालं होतं.

भिंत सरकली. तिच्या आणि कुंपणाच्या मध्ये कुंड्यांची मांडणी होती. आधी एक कुंडी फुटल्याचा आवाज आला, मग चार कुंड्यांचा एकदम, मग मोटर रडवेली झाली, जळका वास आला आणि सगळं थांबलं. भिंत अर्धी आत, अर्धी बाहेर. बटण पुन्हा दाबून पाहिलं. नुसतंच खट्‌ वाजलं.

"असू द्या, असू द्या," डॉक्टर म्हणाले. दात उपटताना ज्या आवाजात "झालंच हं" म्हणतात, त्याच आवाजात.

भिंगसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पण मागे बायको उभी होती. अशा वेळी माणसानं माफी मागून चहा घ्यावा आणि घरी जावं. ते मात्र ताठ मानेनं म्हणाले, "मुद्दा अडतीस," आणि गाडीखाली शिरले.

खाली सांडपाण्याची टाकी होती. तिच्या तोंडाशी एक दांडी. ती घट्ट बसलीय का, एवढंच त्यांना पाहायचं होतं. त्यांनी ती ओढली आणि दांडी हातात आली. मागोमाग गेल्या सहलीचं सगळं पाणी आलं. ती सहल बऱ्याच महिन्यांपूर्वी झाली असावी, हे वासावरून कळत होतं. डॉक्टर नाक धरून घराच्या ओट्यावर चढले, डॉक्टरीणबाई बादली आणायला धावल्या आणि बायको कपडे सावरत पायरीवर जाऊन उभी राहिली. तिनं ह्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर परवडलं असतं.

बूटमोजे काढून, नळाखाली पाय धुऊन भिंगसाहेब अनवाणी पुन्हा गाडीत चढले. बाकीचे तिघं अंगण धूत होते. आपण आलो कशाला आणि केलं काय, हा विचार त्यांना पोखरत होता. दोन मुद्द्यांत दोन सत्यानाश. आता गाडीत एक तरी खरा दोष सापडायला हवा होता. तो सापडला असता तर निदान "तपासली म्हणून कळलं" असं म्हणता आलं असतं.

आणि तो सापडला. पलंगाच्या कडेला, खालच्या फळीवर, तळहाताएवढा पिवळट डाग. ओल!

त्यांच्या जिवात जीव आला. पलंगाची फळी गादीसकट वर उचलायची सोय होती. खाली सामान ठेवायची लांबरुंद पेटी, आणि वर उचललेली फळी तोलून धरायला दोन बाजूंना दोन दांडे. भिंगसाहेबांनी फळी उचलली, विजेरी दातांत धरली आणि ओल कुठवर गेलीय ते बघायला पेटीत चक्क आडवे झाले. तिथून त्यांना एका दांड्याची चकती किंचित सैल दिसली. आता सैल चकती दिसल्यावर गप्प बसतील तर ते भिंगसाहेब कसले? त्यांनी ती पिळली. आयुष्यात हजारो चकत्या त्यांनी बरोबर दिशेला पिळल्या असतील. ही उलट्या दिशेला पिळली गेली.

दांडा निसटला, आणि एकट्या दुसऱ्याला भार पेलेना. फळी सावकाश, कुणी पांघरूण घालावं तशी खाली आली आणि बाहेरच्या बाजूला खटका बसला.

त्यांना लागलं काहीच नाही. उताणे पडता येईल एवढी जागा होती, कडेच्या भोकांतून हवाही येत होती. त्यांनी हाक मारली. ती गादीत मुरली. त्यांनी पुन्हा हाक मारली, तर विजेरी तोंडातून निसटून मानेखाली गेली. खटका उघडायचा तर बाहेरूनच, आणि रबरी हातोडी राहिली होती गाडीतल्या ओट्यावर.

किती वेळ गेला कोण जाणे. मग पावलं वाजली, आणि डोक्यावरची फळी दोनदा करकरली. दोघी बायका पलंगावर येऊन बसल्या होत्या.

"बसा घटकाभर. दमलात," डॉक्टरीणबाईंचा आवाज आला. "तुमचे मिस्टर कुठे गेले?"

"असतील कुठेतरी. काहीतरी मोजत असतील," बायको म्हणाली. "ताई, खरंच माफ करा हो. कुंड्या, अंगण..."

"अंगण धुऊन झालं. कुंड्या नव्या येतील. तुम्हाला गाडी कशी वाटली, ते सांगा."

भिंगसाहेबांनी फळीवर मारायला मूठ उचलली होती. ती तशीच राहिली.

बायको म्हणाली, "खूप आवडली. मघाशी पुढच्या सीटवर बसले होते. एवढी मोठी काच समोर. वाटलं, आत्ताच्या आत्ता निघावं."

पेटीतल्या अंधारात भिंगसाहेबांचं काळीज सुपाएवढं झालं.

"मग घ्या की."

"भीती वाटते."

"चालवायची? मी शिकवते. शाळेची बस आठ दिवसांत शिकवलीय मी माणसांना."

"गाडीची नाही हो. ह्यांची."

फळी जराशी करकरली. भिंगसाहेब श्वास रोखून पडले.

"घरात तीन खोल्या आहेत," बायको सांगू लागली. "हे एका खोलीत तपासायला आले की मी दुसरीत जाते. इथे कुठे जाऊ? सकाळी उठल्यापासून डब्यांची झाकणं घट्ट आहेत का, घड्या सरळ आहेत का, मी गॅस बंद केला का, बंद केला तर पूर्ण केला का. निवृत्त होईपर्यंत ह्यांना लिफ्ट होत्या. आता तपासायला मी एकटीच उरलेय."

"बोलला नाहीत कधी?"

"काय बोलणार? माणूस वाईट नाही हो. मला ताप आला तर रात्रभर तासातासाला थर्मामीटर लावत बसतात. तेवढ्यानंच ताप वाढतो." ती हसली, पण ते हसू फार वेळ टिकलं नाही. "म्हणून तर गाडी बघायला हो म्हटलं. म्हटलं, ह्यांना कुठलीच गाडी पटायची नाही, आणि आपल्याला नाही म्हणावं लागायचं नाही."

भिंगसाहेब पडून राहिले. मानेखालची विजेरी टोचत होती, पण ती काढायचंही सुचेना. ज्या गाडीच्या पोटात शिरून ते दोष शोधत होते, तिथेच खरा दोष आडवा पडलेला होता, आणि त्याला दुरुस्तीचा मुद्दा यादीत नव्हता. तीस वर्षं. तीस वर्षांत या बाईनं एकदाही तक्रार केली नाही, याचा अर्थ सगळं ठीक चाललंय असा त्यांनी घेतला होता. एखाद्या लिफ्टच्या बाबतीत त्यांनी हा निष्कर्ष कधीच काढला नसता.

वर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता मीही एक सांगते, पण बाहेर बोलू नका. आमच्या डॉक्टरांना गाडी लागते. तीन सहली केल्या. दर वळणाला गाडी थांबवायची, दर वळणाला हे खाली उतरणार. शेवटच्या सहलीत तर घाटाच्या पायथ्याशीच टॅक्सी करून घरी परतले, ती टॅक्सीही लागली त्यांना. मग म्हणाले, विकून टाकू. मला एकटीला जायला कसंसंच वाटतं, म्हणून मीही बरं म्हटलं."

मग बायकोनं हळूच विचारलं, "मला न्याल बरोबर?"

आणि नेमक्या त्याच क्षणी पेटीतली आठ वर्षांची धूळ भिंगसाहेबांच्या नाकात गेली. ते शिंकले.

दोघी ताडकन उठल्या.

"उंदीर आहे का हो आत?" बायकोनं विचारलं.

"एवढा मोठा?" डॉक्टरीणबाईंनी खटका दाबून फळी वर उचलली.

भिंगसाहेब अनवाणी, उताणे, छातीवर लोहचुंबक घेऊन पडले होते. बायकोनं त्यांच्याकडे पाहिलं, आणि ती पांढरीफटक पडली.

"कधीपासून आहात आत?"

"आत्ताच आलो," भिंगसाहेब म्हणाले. बंद पेटीत आत्ताच कसं येता येईल, हे त्यांना स्वतःलाही कळलं नाही. ते उठून बसले. काहीतरी बोलायला हवं म्हणून त्यांनी कडेच्या डागावर बोट फिरवून पाहिलं. "ओल नाही. चहा सांडलाय."

घरी आल्यावर भिंगसाहेबांनी वही काढली. शेरा लिहायची जागा कोरी होती. बराच वेळ पेन हातात धरून ते बसले, मग वही मिटली.

"गाडी चांगली आहे," ते म्हणाले.

बायको चहाचं आधण ठेवायला वळली.

"तू जा त्यांच्याबरोबर. मोडलेलं सगळं मी दुरुस्त करून देतो. अर्धी गाडी आपण घेऊ, अर्धी त्यांची राहू दे."

"म्हणजे ऐकलंत."

"ऐकलं."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तसं नव्हतं म्हणायचं मला."

"तसंच होतं," भिंगसाहेब म्हणाले. "आणि बरोबर होतं." आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी दुसऱ्यानं केलेली तपासणी जशीच्या तशी मान्य केली होती.

महिन्याभरानं डॉक्टरांच्या घरून गाडी निघाली. डॉक्टरीणबाई स्टिअरिंगवर, शेजारी बायको, समोर ती मोठी काच. भिंगसाहेबांनी टायरकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं. फक्त एकदा पाहिलं. गाडीनं कोपऱ्यावर वळण घेतलं, तेव्हा नुसतं बघूनच डॉक्टरांनी फाटकाचा खांब धरला.

रस्ता रिकामा झाला. दोघं पुरुष फाटकात तसेच उभे राहिले. घरात जायला कुणाचाच पाय निघेना.

"किती दिवस म्हणाल्या?" डॉक्टरांनी विचारलं.

"पंधरा. आवडलं तर वीस."

डॉक्टरांनी मोठा सुस्कारा सोडला. "चहा करता येतो का हो तुम्हाला?"

"करता नाही येत," भिंगसाहेब म्हणाले. "कसा झालाय ते सांगता येतं."