आप्पांची उजवी बाजू

किसनआप्पा मागं वळून पाहत नाहीत. हाक मारली की ते जागच्या जागी थांबतात, मांडीवर एक थाप मारतात आणि ताठ मानेनं अख्खेच्या अख्खे उलटे चालत येतात. "येऊ द्या, येऊ द्या," असं स्वतःलाच सांगत. तुमच्या शेजारी येऊन लागले की समोरच बघत विचारतात, "बोला, कुठं जायचं?"

जन्मभर एसटी चालवली त्यांनी. न्हावऱ्यात माझं आणि त्यांचं घर भिंतीला भिंत लागून. त्यांच्या या रिव्हर्सवर गाव पोट धरून हसलं असतं, पण त्यांची बायको, हौसाकाकू, गेल्यापासून कुणी हसत नाही. आप्पा मागं यायला लागले की पारावरची माणसं सरकतात. एका माणसापुरती नाही, दोघांपुरती वाट सोडतात. आणि सोडतात ती नेहमी त्यांच्या उजव्या अंगाला.

त्याचं कारण भैरोबाच्या देवळात घडलं. काकू गेल्यानंतर आप्पा पहिल्यांदाच देवळात गेले, घंटेला हात घातला, वर पाहिलं आणि गरकन फिरून खाली बसले. "देवाला चालंना," लोक म्हणाले. "एकटा आलेला न्हाई त्यो." मग कुणीतरी त्यांना खुटबावच्या देवऋषाकडे नेलं. तो म्हणाला, अंगाऱ्याला वाका. आप्पा वाकले ते थेट त्याच्या मांडीवर. देवऋषी घाबरला, पण धंदा विसरला नाही. "हाय," म्हणाला. "बाई हाय. उजव्या अंगाला हाय."

शिरूरला माझा फिजिओथेरपीचा दवाखाना आहे. वर पाहिलं की फिरतं, वाकलं की फिरतं, मान वळवली की फिरतं, कूस बदलली की फिरतं आणि थोड्याच वेळात थांबतं, असे म्हातारे पेशंट माझ्याकडे नेहमी येतात. कानाच्या आत अगदी बारीक खडे असतात. ते जागा सोडून तोल सांभाळणाऱ्या नळीत शिरले, की डोक्याबरोबर तेही हलतात आणि मेंदूला वाटतं घरच फिरलं. डोकं ठरावीक क्रमानं वळवत गेलं की खडे बहुतेक वेळा परत जागेवर जातात. भुताची गरज पडत नाही. देवऋषानं बाजू मात्र बरोबर सांगितली होती.

हे मी आप्पांना अंगणाच्या भिंतीवरून समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"असतील खडं," म्हणाले. "पण ती त्याच वाटंनं येती."

"कोण?"

"कोण म्हंजी? तुमची काकू. पहाटं उजव्या कुशीवर झालो की आधी जरा वेळ काय न्हाई. मग भिंत हालती, आढं फिरतं, आन् कॉट त्या अंगाला दबती. माणूस येऊन टेकल्यावानी. जरा वेळ बसती अन् जाती."

"भीती नाही वाटत?"

"बायको हाय, डॉक्टरीणबाई. वाटायचीच."

मी वाद घातला नाही. पण त्या दिवसापासून पहाटे दूध तापवताना माझं लक्ष त्या भिंतीकडे जायचं. पलीकडून आप्पांचा आवाज यायचा. एक वाक्य, मग थांबणं, मग दुसरं वाक्य. थांबणं अगदी उत्तराइतकंच लांब असायचं.

मग ते मोरीत पडले. कपाळ फुटलं. दौंडहून त्यांची सून सविता आली ती रिकामी पिशवी घेऊनच. "लई झालं आप्पा. खुबा मोडून बसाल. आता दौंडला चला, घराला कुलूप."

"तिकडं ती कशी येईल? तिनं तुमचं घर कुठं बघितलंय?"

सविता माझ्याकडे वळली. "ताई, ह्यांची चक्कर जाईल का? गेली तर ऱ्हाऊ द्या इथं. न्हाई तर मी न्हाई सोडून जायची."

म्हणजे आप्पांपुढं दोनच रस्ते होते. चक्कर ठेवायची तर हे घर सोडायचं, आणि घर ठेवायचं तर चक्कर सोडायची. त्यांनी कपाळावरची पट्टी चाचपली. मग म्हणाले, "घ्या वळवून. पण हितंच. ह्याच कॉटवर."

ऐन दुपार होती. अंगणात लख्ख ऊन, आत मात्र दिवा लावावा असा अंधार. लोखंडी कॉट दोघांची. डावीकडची चादर चुरगळलेली, उजवीकडची ताणून नीट केलेली. मी आप्पांना पाय लांब करून बसवलं, मान उजवीकडे वळवली आणि एका झटक्यात मागं निजवलं.

डोळे उघडे ठेवायचे असतात. ते स्थिर होते.

"थांबा," आप्पा कुजबुजले. "आता येती."

आणि बुबुळं फिरायला लागली. दोन्ही एकदम, उजव्या खांद्याकडे, कुणीतरी दोरी ओढावी तशी पुन्हा पुन्हा. खडे हलायला क्षणभर वेळ लागतो, हे मी शेकडो पेशंटना सांगितलं आहे. तरीही मी ताणलेल्या चादरीकडे पाहिलं नाही.

डोळे थांबले. मी मान डावीकडे नेली, थांबले. "आता डाव्या कुशीवर व्हा आप्पा. तोंड खाली."

ते हलले नाहीत.

"तिच्याकडं पाठ करून?"

"क्रम उलटा करून चालत नाही, आप्पा."

"ती गेली तवा मी असाच होतो," ते म्हणाले. "पाठ करून. घोरत. सकाळी हात लावला तर गार. तिनं हाक मारली का न्हाई, ते बी ठाव न्हाई मला. तवापासनं पहाटं आधी उजवीकडंच होतो."

मी डोकं तसंच धरून ठेवलं. शेवटी ते आपणहूनच वळले, सावकाश, ताणलेल्या चादरीला धक्का लागू न देता. मग मी त्यांना उठवून बसवलं. थोडा वेळ जाऊ दिला.

नंतर पहिली तपासणी पुन्हा करायची असते. मान उजवीकडे, मागं निजवायचं आणि वाट पाहायची. मी डोळे स्थिर राहावेत म्हणून वाट पाहत होते. ते कशाची पाहत होते, ते मला ठाऊक होतं.

भिंत हलली नाही. डोळे पाण्यासारखे शांत होते. इलाज लागू पडला होता.

"झालं आप्पा. उठा."

"वाईच थांबा," ते हळूच म्हणाले. त्यांनी तळहात उजवीकडच्या चादरीवर ठेवला आणि तसाच राहू दिला.

सविता चहा घेऊन दारात आली. मी तिला हातानंच तिथं थांबवलं.