दोरीवरची मोटार

खैरनार मिस्त्री विजेचं काम खडावा घालून करायचे. हो, खडावाच. साधूंच्या पायात असतात त्या, लाकडी, अंगठ्याशी खुंटी असलेल्या. सरकारकडून त्यांना रबरी बूट मिळाले होते, ते त्यांनी कोरे करकरीत पेटीत ठेवले होते. "रबराला भोक पडलं तर दिसत नाही, भाऊसाहेब. लाकूड तडकलं तर आवाज करतं." खाली खडावा, वर खाकी अर्धी चड्डी आणि गालावर आठवड्याची दाढी. नाशकात गोदावरीवर आलेले पाहुणे प्रत्येकाच्या घरी असायचेच. आमच्या एका मावशींनी जिन्यात या अवताराला वाकून नमस्कार केला. मिस्त्रींनी हात वर करून गंभीरपणे सांगितलं, "अर्थिंग नीट ठेवा." मावशींनी तो उपदेश वहीत लिहून घेतला.

मी सांगतोय ती गोष्ट अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीची. आज जिकडे पाहावं तिकडे बंगले आहेत, तेव्हा आमच्या सरकारी वसाहतीच्या कुंपणाला लागून शेतं होती. चार इमारती, तीन-तीन मजले, आणि सगळ्यांचं पाणी वर चढवणारी एकच मोटार. मी कचेरीत कारकून आणि वसाहतीच्या कमिटीचा सेक्रेटरी. हे पद कुणालाच नको होतं म्हणून माझ्या गळ्यात पडलं होतं. मिस्त्री मोटारीच्या खोलीला लागून असलेल्या खोलीत एकटेच राहायचे. मूळचे सटाण्याकडचे. एरवी आमच्यासारखं बोलायचे, पण डोकं तापलं की अहिराणी सुरू.

आणि डोकं तापायला एकच शब्द पुरायचा, तो म्हणजे 'भंगार'. "इस्त्री भंगारात टाकायची झाली," असं कुणी म्हटलं की, "मरेल नही शे ती!", म्हणजे मेलेली नाही ती, म्हणत ते इस्त्री हिसकावून घ्यायचे. दोन दिवसांनी ती परत यायची आणि चालायची. कशी चालायची हे मात्र शिकून घ्यावं लागे. आमच्या पंख्याचा रेग्युलेटर जळाला तेव्हा त्यांनी त्याच्या जागी स्वयंपाकघरातला दिवा जोडून दिला. पंखा मंद हवा असेल तर स्वयंपाकघरात मिणमिणता दिवा लागणार, आणि दिवा नको असेल तर पंखा भणाणत फिरणार. थंडीच्या दिवसांत उजेडात जेवायचं तर डोक्यावर वारा, आणि वारा नको तर अंधारात जेवायचं. मी तक्रार केली. "अहो, कंपनीने असं बनवलेलं नाही हे."

"कंपनीला काय कळतंय?" मिस्त्री म्हणाले. "कंपनी बनवून मोकळी होते. चालवायचं आपल्याला असतं."



त्यांची खरी करामत म्हणजे ती मोटार. तिला पहिला झटका देऊन फिरवणारं तारांचं वेटोळं, म्हणजे स्टार्टिंगचं वाइंडिंग, कधीचंच जळून गेलं होतं. बटण दाबलं की ती नुसती गुरगुरायची, फिरायची नाही. मग मिस्त्रींनी हातभर दोरी घेतली. ती मोटारीच्या दांड्याला गुंडाळायची, झटक्यात ओढायची आणि दांडा फिरतोय तोवर खटका दाबायचा. एकदा फिरायला लागली की मग तिला काही नको. पण दोरी ओढायला दोन्ही हात लागायचे, म्हणून त्यांनी खटका काढून भिंतीवर गुडघ्याच्या खाली बसवला. दोरी हातांनी, खटका खडावेने. रोज सकाळी खाडकन आवाज आला की बायका म्हणायच्या, "लाथ बसली, आता पाणी येईल."

यायचंही. आठवड्यातले पाच दिवस नक्की. उरलेल्या दोन दिवसांचं काय, तर खालच्या नळावरून हंडे भरायचे आणि जिने चढायचे. आम्ही तिसऱ्या मजल्यावर.

नवी मोटार मागायची तर नियम असा की जुनी निकामी आहे हे साहेबाने डोळ्यांनी पाहून लिहून द्यायचं. मी अर्जामागून अर्ज केले. दोनदा साहेब आले. आणि दोन्ही वेळा आमचे हे महाराज खडावा वाजवत पुढे झाले, दोरी ओढली, लाथ मारली, मोटार सुरू! साहेबांनी शेरा मारला, 'चालू स्थितीत', आणि चहा पिऊन गेले. वसाहतीत त्या दिवशी मिस्त्रींना कुणी चहा विचारला नाही.

मी त्यांच्याशी भांडलो. हात जोडले. शेवटी चिडून म्हणालो, "मिस्त्री, एक दिवस गप्प उभं राहायला तुमचं काय जातं?"

"ती चालते, भाऊसाहेब. चालणाऱ्याला मेलं म्हणू? मना हात झडतीन." माझे हात झडतील. मी कपाळाला हात लावला.

त्यानंतर एकदा मोटार सलग तीन दिवस बंद पडली. सुमनला, माझ्या बायकोला, सातवा महिना होता. मी कचेरीत. मी बजावून गेलो होतो की पाणी मी आल्यावर आणीन, पण ऐकेल ती सुमन कसली. भरलेला हंडा घेऊन ती निघाली आणि दुसऱ्या मजल्यावर जिन्यातच बसली. मिस्त्री कुणाचा तरी दिवा बघायला वर चालले होते. त्यांनी तिला पाहिलं. ती घामाने भिजलेली, ओठ पांढरे. त्यांनी हंडा उचलून आमच्या दारात ठेवला, तिला हाताला धरून वर आणलं आणि निघून गेले.

संध्याकाळी माझ्याकडे आले. उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. "बोलवा तुमच्या साहेबाला. मी गप राहीन."

मी अर्ज धाडला. तिसऱ्यांदा साहेब आले ते तरुण, नवे, डोळ्यांवर काळा चष्मा. त्या सकाळी मिस्त्रींनी दोरी माझ्या हातात दिली. "ही तुमच्या खिशात ठेवा. माझ्याजवळ राहिली तर हात ऐकायचे नाहीत."

निम्मी वसाहत मोटारीच्या खोलीबाहेर जमली होती. सुमनही जिना उतरून आली होती. साहेबांनी वाकून खटका दाबला. मोटार गुरगुरली आणि गप्प झाली. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. मिस्त्री भिंतीला पाठ लावून उभे. हात मागे बांधलेले.

"खटका गुडघ्याखाली? हे कुणी केलं?" साहेबांनी विचारलं.

"मी," मिस्त्री म्हणाले.

"ही दुरुस्ती आहे की जादूटोणा? इतकी वर्षं पगार कसला घेता तुम्ही? चांगल्या यंत्राचा सत्यानाश केलात." त्यांनी कागद काढला आणि मोठ्याने म्हणत लिहिलं, "मिस्त्रीच्या अज्ञानामुळे मोटार कायमची निकामी. नवी मंजूर करावी." मग कागद पुढे केला. "इथे सही करा."

नवी मोटार मंजूर! लोकांच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. खोटं कशाला सांगू, मलाही आधी पाणीच आठवलं. मिस्त्री नंतर आठवले. मी मान खाली घातली.

मिस्त्रींनी पेन घेतलं. अर्ध्या चड्डीला हात पुसला. कागदावरचं 'अज्ञानामुळे' त्यांनी बोट ठेवून वाचलं आणि सहीसाठी वाकले.

"मोटार चालू आहे, साहेब," मागून सुमन म्हणाली.

सगळे वळले. ती पोटावर हात ठेवून पुढे आली. "चार वर्षं ह्यांनीच चालवली आहे. तुम्हाला चालवता येत नाही, म्हणून ती निकामी होत नाही." मग माझ्याकडे वळली. "अहो, द्या त्यांची दोरी."

मी दोरी दिली. मिस्त्री ती घेईनात. "वहिनी, पाणी..." एवढंच म्हणाले.

"पाणी मी बघेन. तुम्ही ओढा."

त्यांनी दोरी ओढली. खाडकन लाथ बसली. मोटार फिरली आणि पाणी नळातून धडधडत वर गेलं. साहेबांनी चष्मा काढला, पाहिलं, कागद फाडला आणि दुसऱ्यावर 'चालू स्थितीत' लिहून निघून गेले. शेजारणी सुमनवर तुटून पडल्या, आणि त्यांचं काय चुकलं? ती मोटार पुढे आणखी पाच वर्षं आमच्या डोक्यावर बसली. सुमन मात्र कंबरेवर हात ठेवून सगळ्यांना पुरून उरली. "माझं पाणी मला कळतं. त्यासाठी त्या माणसाला अडाणी म्हणवून घ्यायचं नाही मला."

गडबडीत मिस्त्री दिसेनात. मी आत गेलो. मोटारीच्या मागे, कोपऱ्यात, ते भिंतीकडे तोंड करून उभे होते. खांदे हलत होते. हातात टेस्टर.

"काय झालं, मिस्त्री?"

"काही नाही. स्विच बघतोय."

त्या भिंतीवर स्विच नव्हता. मी बाहेर आलो, दार ओढून घेतलं आणि लोकांना सांगितलं, मिस्त्री स्विच दुरुस्त करतायत, जरा वेळ कुणी आत जाऊ नका.