आऊसाहेबांच्या तसबिरीस पायऱ्या पडल्या, त्याची हकीकत

श्रीकुलस्वामिनीचे चरणी मस्तक ठेवून लेखनास आरंभ. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध पक्षी आज्ञा जाली की, कैलासवासी आऊसाहेबांच्या तसबिरीचा घोळ कैसा जाला आणि कैसा निस्तरला, ते साद्यंत लिहून ठेवणे. त्यास आम्ही चित्रशाळेतील कारकून, नाव सांगण्याजोगे नाही. डोळ्यांदेखत जे जाले तेच लिहिले आहे. पदरचे काही घातले असेल तर वैताग तेवढा घातला आहे, त्याची क्षमा असावी.

श्रीमंत महाराजांच्या मातुश्री आऊसाहेब गतवर्षी कार्तिकात वारल्या. त्यांस फोटोचा मोठा तिटकारा. कोणी मोबाईल उगारला की पदर तोंडावर ओढीत आणि म्हणत, "माझं तोंड पाहून कुणाचं पोट भरणार आहे?" सबब त्या गेल्यावर कुल राजवाडा धुंडाळला आणि उघड्या चेहऱ्याचा एकच फोटो निघाला, तोही दिवाण नारोपंतांच्या मोबाईलात, नखाएवढा. मग वर्षश्राद्ध पंधरा दिवसांवर आले तेव्हा महाराजांनी दिवाणजींस बोलावून सांगितले की, दरबारात आईंची तसबीर लावावी, पाच हात उंच असावी. आणि किंचित थांबून म्हणाले, "पंत, अलीकडे आईचा चेहरा आठवताना अडखळायला होतं. डोळे आठवले तर हनुवटी निसटते. तेवढ्यासाठी हवी."

ऐसी आज्ञा जाल्यावर दिवाणजींनी काय करावे? तर चित्रशाळेत यावे आणि दारोगा सगुणाबाई तांबट यांच्या हाती फोटो देऊन घरी जावे. सगुणाबाई वीस वर्षे हेच काम करतात. परंतु दिवाणजींस वाटले, लहानाचे मोठे करणे यात विद्या ती काय! मग ते सगुणाबाईंच्या खुर्चीवर स्वतः विराजमान जाले आणि फोटोचा कोपरा धरून ओढला, आणि लांबीरुंदीचे प्रमाण बांधून ठेवणारी साखळी असते ती सोडून ओढला, आणि आऊसाहेब, ज्या जन्मभर काटकुळ्या, त्या भोपळ्यासारख्या फुगल्या. सगुणाबाईंनी साखळी पुन्हा बांधून दिली. मग दिवाणजींनी उंचीकडून ओढला, आणि पडद्यावर जे दिसले ते पाहून आमच्या हातचा चहा सांडला. भुवयांस जिन्याच्या पायऱ्या पडल्या होत्या, नाकाची कड करवतीसारखी, आणि हसरे दात म्हणजे पडक्या तटाच्या चर्या.

"हे ऐसं का?" दिवाणजी यंत्रावर डोळे वटारून म्हणाले.

"पंत, फोटो म्हणजे ठिपके," सगुणाबाई म्हणाल्या. "तुमच्या फोटोत ते आडवे दीडशे आहेत. तुम्हाला हवेत तीन हजार. मधले यंत्रानं कुठून आणायचे? तुम्ही त्याला सांगितलंत, शेजारचा ठिपका जसाच्या तसा उचल. त्यानं उचलला. एका ठिपक्याचा चौकोन झाला, आणि चौकोन तिरके रचले की पायऱ्याच होणार. त्यापेक्षा बायक्युबिक निवडा. ते आजूबाजूचे सोळा ठिपके बघतं आणि मधला रंग कालवून भरतं. मग कड मऊ होते."

दिवाणजींनी बायक्युबिक निवडले. पायऱ्या गेल्या हे खरे, परंतु आऊसाहेब आता धुक्याआड बसल्यासारख्या दिसू लागल्या. सगुणाबाई म्हणाल्या, "मऊ करता येतं, पंत, पण जे टिपलंच नाही ते कुठून येणार? मूळ मोठा फोटो आणा." दिवाणजी म्हणाले, "मूळ नाही. हाच आहे. धार आणा." मग धार लावली आणि हनुवटीभोवती चुन्याची पांढरी रेघ उमटली. मग रेघ पुसा म्हणाले, मग पुन्हा मऊ करा म्हणाले, मग पुन्हा धार, आणि दर खेपेस तोच फोटो दाबून, जागा वाचवून साठवावा आणि पुन्हा तोच उघडावा, ऐसे सहा दिवस चालले. दर साठवणीगणिक फोटो आणखी कुजत गेला आणि गालांवर डाग पडले. सगुणाबाईंनी माऊस खाली ठेवला आणि कपाळास हात लावून बसल्या. आम्हीही बसलो. काय सांगावे!

सातवे दिवशी नमुना कापडावर छापून महाराजांपुढे धरला. महाराज जवळ गेले, मग चार पावले मागे आले, मग पुन्हा जवळ गेले. मग म्हणाले, "ही माझी आई नव्हे. हे लावण्यापेक्षा भिंत रिकामी असू द्या." आणि पाठ फिरवून आत निघून गेले. दिवाणजींचा चेहरा उतरला.

तेव्हा सगुणाबाईंनी दरवाजा लोटून घेतला आणि दिवाणजींस अडवून धरले. "पंत, फोटोत खाली डाव्या अंगाला कापल्याची खूण आहे. तिथं काय होतं?"

"काही नाही. एक हात होता."

"कुणाचा?"

दिवाणजी उपरण्याशी चाळा करीत राहिले. मग कबूल जाले की, हात ठकूबाईचा. ही ठकूबाई राजवाड्याच्या मुदपाकखान्यात अठरा वर्षे स्वयंपाक करीत असे, आणि आऊसाहेब दुपारी तिच्याजवळ भाजी निवडत बसत. ऐसेच एके दुपारी तिने एका हाताने मेथीची जुडी पुढे केली आणि दुसऱ्या हाताने फोटो काढला. तो तिने जावेस पाठवला, जावेने आणखी कोणास, आणि पाठवता पाठवता दर मुक्कामी बारीक होत नखाएवढा होऊन दिवाणजींपर्यंत पोचला. दिवाणजींनी वाड्याच्या आतल्या खासगीत मोबाईल चालवल्याचा ठपका ठेवून ठकूबाईस त्याच दिवशी काढून टाकले, आणि फोटो पुराव्यास ठेवला; त्यातला हात आता तसबिरीसाठी कापला.

सगुणाबाई ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मूळ तिच्याकडे आहे, हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आणि सहा दिवस मला नाकाच्या पायऱ्या घासायला लावल्यात!"

"तिच्या दारात कोणत्या तोंडानं जाऊ, बाई?"

"आहे त्याच तोंडानं. चला."

मग दिवाणजी, सगुणाबाई आणि आम्ही ऐसे तिघे नदीपलीकडे साळ्यांच्या आळीत गेलो. ठकूबाई एका खानावळीत भाकऱ्या थापीत होत्या. दिवाणजींस पाहून त्यांनी थापणे थांबवले नाही. दिवाणजींनी उभ्या उभ्या सगळे सांगितले, महाराज पाठ फिरवून गेले तेही सांगितले.

"दिवाणजी, त्या दिवशी म्हनला हुता, मोबाईल मोरीत टाक," ठकूबाई म्हणाल्या. "टाकला असता म्हणजे?"

"चुकलो मी."

"आऊसाहेब गेल्या तवा मला दर्शनालाबी आत सोडलं न्हाई. फाटकाशी हुबी राहिले." त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, हात पुसले आणि तडकलेल्या काचेचा मोबाईल काढून फोटो उघडला. आम्ही तिघांनी वाकून पाहिले. पापण्यांचा केस न् केस वेगळा होता, आणि इरकली लुगड्याची चौकड बोटावर मोजावी ऐसी. "देते. पर माझा हात तोडायचा न्हाई. त्यांनी जुडी माझ्या हातनं घेतली, ती तशीच ऱ्हावी."

दिवाणजी गहिवरून म्हणाले, "नाही तोडत. पाठवा, आत्ता मला पाठवा—"

"पंत!" सगुणाबाई ऐशा ओरडल्या की पंगतीतले जेवणारे उठून उभे राहिले. "पाठवू नका! वाटेत पुन्हा बारीक होईल! एवढं रामायण कशानं झालं मग?" आणि पिशवीतून तार काढून त्यांनी फोटो आहे तैसा उतरवून घेतला.

मग काम सरळ जाले. आडवे तीन हजार ठिपके आयते होते, लांबून पाहावयाच्या तसबिरीस तेवढे पुरले, ओढण्याची गरजच उरली नाही. फक्त निमंत्रणपत्रिकेवर तोच फोटो बोटाएवढा केला तेव्हा लुगड्याच्या चौकडीच्या लाटा जाल्या आणि काठांस पुन्हा दाते पडले. दिवाणजी ओरडले, "आता तर लहान केलाय!" सगुणाबाईंनी दीर्घ श्वास घेतला आणि सांगितले की, लहान करतानाही बारीक रेघा ठिपक्यांत मावत नाहीत, सबब आधी किंचित मऊ करावा, मग लहान करावा, आणि मूळ फाईल जपून दर आकार तिच्या नकलेवरूनच करावा. तैसे केले. पत्रिकाही नीट उतरली.

वर्षश्राद्धाचे दिवशी पडदा सारला. महाराज तसबिरीसमोर उभे राहिले. आऊसाहेब तोंड भरून हसत होत्या आणि खालून हिरव्या बांगड्यांचा हात मेथी पुढे करीत होता. महाराजांनी ठकूबाईंस पुढे बोलावले आणि विचारले, "आई एवढ्या कशाला हसल्या होत्या हो?"

ठकूबाईंनी मान खाली घातली. "सांगू का, सरकार? तुमी पलीकडच्या पडवीत भाषण पाठ करीत हुता. 'प्रजाजनहो' म्हनून तीनदा अडलात. आऊसाहेब म्हनल्या, 'राज्य करतंय, पण अजून माझंच पोर आहे.' आन् हसल्या."

महाराज प्रथम हसले, मग तोंडावर हात घेऊन तेथेच गादीच्या काठावर बसले.

ठकूबाई परत मुदपाकखान्यात आल्या. दुसरे दिवशी दिवाणजी तेथे गेले आणि दारातच घुटमळले. "ठकूबाई, माझी आई ब्याऐंशीची आहे. तीही फोटो काढू देत नाही. येता का एकदा घरी?"

"येते की. पर आदी त्यास्नी भाजी निवडाय बसवा."

येणेप्रमाणे वर्तमान जाले. नखाएवढ्यास ओढून माणूस मोठे होत नाही, मूळ ज्याच्यापाशी आहे त्याच्या दारी जावे लागते. एवढे कळावयास या राज्यास सहा दिवस आणि सगुणाबाईंचे उरलेसुरले काळे केस खर्ची पडले. लेखनसीमा.