तेंगताईंच्या दारातला चोथा

एका कुत्रीसाठी माणसानं किती दिवस लंगडावं, असं तुम्हाला वाटतं? दोन? चार? आमच्या इमारतीतले लुओ श्यानफू बारा दिवस लंगडले, आणि तेही दोन्ही पाय ठणठणीत असताना.

आमची इमारत सात मजली आणि बिनलिफ्टची. लुओ सहाव्या मजल्यावर राहतात. घरात तिघंच: ते, बायको शूछिन आणि कुत्री लाचांग. लाचांग म्हणजे खरं तर हिवाळ्यात आम्ही चोंगछिंगची माणसं बाल्कनीत वाळत घालतो ते तिखट सॉसेज. पण ही कुत्री लांबीनं, रंगानं आणि (जवळ गेलं तर) वासानंही इतकी तशीच आहे, की दुसरं नाव सुचणंच शक्य नव्हतं.

तर ही लाचांग बारा वर्षांची झाली आणि तिचे मागचे पाय आखडले. दुसऱ्या मजल्यापर्यंत कशीबशी यायची, मग बसकण मारायची आणि लुओंकडे अशी बघायची, जसं साहेबानं कारकुनाकडे बघावं. लुओ बस कंपनीच्या तक्रार विभागातून निवृत्त झालेले. असल्या नजरेची त्यांना तीस वर्षांची सवय. ते निमूटपणे तिला पाठीवरच्या पिशवीत घालायचे आणि चढायचे. रोज दोनदा खाली, दोनदा वर.

यावर खरा इलाज लिफ्टच होता. इमारतीतल्या तेरा घरांनी कागदावर सह्या केल्या होत्या. अडून बसल्या होत्या त्या फक्त तळमजल्यावरच्या तेंगताई.

"मला लिफ्ट कशाला? तळघरात जायला?" त्या विचारायच्या. "वर माझ्या खिडकीचा उजेड जाणार तो वेगळाच."

शूछिननं त्यांच्यामागे दोन वर्षं घालवली. पहाटे चौकात बायका जमून नाचतात, तिथं ती त्यांच्या मागच्या रांगेत उभी राहिली, त्यांच्या चुकलेल्या पावलांना वाहवा म्हणाली, दर हिवाळ्यात हातभर सॉसेज पोचवत राहिली. शेवटी तेंगताई जरा विरघळल्या. "बघू," म्हणाल्या, "शनिवारी सांगते." आणि कागद वस्ती समितीत द्यायचा शेवटचा दिवस तोच शनिवार होता. तो चुकला की नंबर शेजारच्या इमारतीला.

त्या शनिवारला अजून दोन आठवडे होते, आणि लुओंच्या पाठीला तेवढा धीर नव्हता. म्हणून ते लाचांगला जनावरांच्या वैद्य गूंकडे घेऊन गेले.

वैद्य गूंनी मागच्या मांडीला आतून तीन बोटं लावून नाडी पाहिली आणि डोळे मिटून घेतले. बराच वेळ उघडले नाहीत. ते झोपले की काय, असं शूछिनला वाटलं.

"हाडांत थंडी आणि ओल शिरलीय," वैद्य म्हणाले. "जीभ बघू."

लाचांगनं त्यांचा हात चाटला.

"फिकट आहे," हात पुसत वैद्य म्हणाले. "झोप कशी लागते?"

"रात्री छान. दिवसा त्याहून छान," लुओ म्हणाले.

"मनावर काही दडपण?"

"कोणाच्या?" शूछिननं विचारलं. "हिच्या की यांच्या?"

वैद्यांनी मुळं, साली आणि काटक्यांच्या पुड्या बांधून दिल्या. रोज एक पुडी मातीच्या मडक्यात उकळायची. धातूचं भांडं चालणार नाही. आता असं मडकं आजकाल कोणाच्या घरात असतं? आमच्या इमारतीत ते एकाच घरात होतं. तेंगताईंच्या.

"कोणाला काय झालं?" मडकं हातात धरून तेंगताईंनी विचारलं.

इथं लुओंनी खरं बोलायला हवं होतं. पण माणसांच्या औषधाचं मडकं कुत्रीसाठी कोण देईल? आणि ते मागितल्यावर सही तरी कोण करील?

"माझा गुडघा, ताई," लुओ म्हणाले, आणि तिथून जिन्यापर्यंत लंगडत गेले.

"मडकं परत आणून देऊ नका हो!" तेंगताई मागून ओरडल्या. "मडकं परत करणं म्हणजे आजार घरी आणून देणं. लागलं तर मीच वर येईन न्यायला."

(तेंगताई गेल्या वीस वर्षांत पहिल्या मजल्यावरसुद्धा गेल्या नव्हत्या.)

त्या दिवसापासून लुओ घरात सरळ चालायचे आणि तळमजला आला की लंगडायचे. त्यातही त्यांचा गोंधळ व्हायचा. सोमवारी डावा पाय, मंगळवारी उजवा. तेंगताईंच्या ते लक्षात आलंच.

"आजार फिरता दिसतोय," त्या गंभीरपणे म्हणाल्या. "जपा. फिरता आजार वाईट."

काढा इतका कडू होता की लाचांगनं पहिला घोट लुओंच्या चपलेत ओकला. मग लुओंनी युक्ती काढली. आधी स्वतः एक घोट घ्यायचा, "वा!" म्हणायचं, मग तिला डुकराच्या काळजाचा तुकडा घालून द्यायचा. तुकडा ती खायची, काढा सोडायची, की लुओ पुन्हा घोट घ्यायचे. अशा रीतीनं निम्मा काढा लुओंच्याच पोटात जात होता.

राहिला चोथा. काढ्याचा चोथा कचऱ्यात टाकला तर गुण येत नाही, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. तो वाटेवर टाकायचा. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांनी आजार निघून जातो. लुओ शिकलेले, त्यांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण विश्वास नाही म्हणून धोका पत्करतील, इतकेही ते शिकलेले नव्हते. आठ दिवस ते ब्याण्णव पायऱ्या उतरून खालच्या चौकात चोथा टाकून आले.

नवव्या दिवशी, मंगळवारी संध्याकाळी, त्यांनी हिशेब केला. इमारतीच्या दारासमोरून रोज शंभर पाय जातात. एवढासा कुत्रीचा आजार शंभर पायांत वाटला, तर एकेकाच्या वाट्याला कितीसा येणार? कोणाला कळणारही नाही. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि वाटी तिथंच पालथी केली.

बुधवारी पहाटे अंगणात आरडाओरडा झाला. तेंगताई नाचाचा नवा कोरा पांढरा बूट हातात घेऊन एका पायावर उभ्या होत्या.

"कोणाचं आहे हे? कोणी माझ्या दारात आजार टाकला? लुओ! खाली या! माझ्याच मडक्यातला चोथा माझ्याच दारात?"

लुओ लंगडत खाली आले.

"आपल्या तक्रारीची नोंद घेतली आहे," त्यांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

"नोंद कसली घेता? गुडघा बघा माझा! वाकत नाहीये!"

(आदल्या दिवशी त्या बूट चावत असताना दोन तास स्पर्धेच्या नाचाची तालीम करत होत्या. पण हे सांगायला तिथं कोणाची छाती होती?)

"ताई, तो गुडघा तर माझा…"

"तुमचा होता. आता माझा आहे," तेंगताई म्हणाल्या. "शनिवारची सही विसरा. आधी माझ्या गुडघ्यातून तुमचा आजार काढा, मग कागद दाखवा."

वर गेल्यावर शूछिननं दार लावून घेतलं.

"चौकात टाकायला सांगितलं होतं ना?"

"शंभर पायांत वाटला जाईल म्हटलं."

"शंभर पाय पहाटे सहाला उठतात का हो? तिथून पहिला पाय कोणाचा जातो? आणि तो पाय नाचवत नाचवत मी दोन वर्षं इथवर आणला होता!"

"खरं सांगून टाकू का? की आजार कुत्रीचा होता?"

"सांगा," शूछिन म्हणाली. "म्हणजे तेंगताई लिफ्ट तर होऊ देणार नाहीतच, जिनाही काढून टाकतील."

शुक्रवारी दुपारपर्यंत इमारतीतल्या प्रत्येकाचं लुओंना जाता-येता सुनावून झालं होतं. सातव्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या मास्तरांनी तर बोलणंच टाकलं. आणि इकडे तेंगताईंनी आपला बेत पक्का केला. चोथा त्यांनी बुधवारीच झाडूनं गोळा करून डब्यात ठेवला होता. त्यात पाणी घालून त्यांनी तो पुन्हा भिजवला (वाळका चोथा लागू पडत नाही) आणि जिना चढायला लागल्या. ज्याचा आजार, त्याच्या दारात.

दुसऱ्या मजल्यावर त्यांनी कठडा धरला. तिसऱ्यावर देवाचं नाव घेतलं. चौथ्यावर त्या मटकन बसल्या, डबा हातातून पुढे उडाला आणि चोथा वरच्या तीन पायऱ्यांवर पसरला.

"इथं माणसं राहतात की शेळ्या?" त्या धापा टाकत ओरडल्या.

लुओ त्याच वेळी लाचांगला पिशवीत घालून खाली येत होते. दोन्ही पायांवर, मजेत, पायरी सोडून पायरी. तेंगताईंचा आवाज कानावर आला आणि त्यांनी घाईघाईनं लंगडायला सुरुवात केली. कोणत्या पायानं लंगडायचं हे आठवेपर्यंत उजवा पाय वाकडा पडला, तो नेमका चोथ्यात. लुओ तीन पायऱ्या बसत बसत आले आणि तेंगताईंच्या शेजारीच येऊन थांबले.

"पडला!" तेंगताईंनी टाळी वाजवली. "पाय पडला! अख्खा पाय पडला!"

त्या उठून उभ्या राहिल्या. गुडघा वाकवून पाहिला, पुन्हा वाकवला. "गेलं! बघा, काही दुखत नाही!"

"ताई," लुओ पांढऱ्या चेहऱ्यानं म्हणाले, "माझा गुडघा… आता खरंच दुखतोय हो."

"म्हणजे? आधी काय खोटा दुखत होता?"

लुओंनी तोंड उघडलं, शूछिनला धावत येताना पाहिलं आणि ते मिटून घेतलं.

तेवढ्यात लाचांग पिशवीतून बाहेर आली. तिनं चोथा हुंगला, तिला त्यात काळजाचा वास आला असावा, आणि ती तो चाटूनपुसून खायला लागली.

"हिला काय झालंय?" तेंगताईंनी विचारलं.

"भूक," शूछिन म्हणाली.

तेंगताई जिना उतरायला लागल्या. अर्ध्यावर थांबल्या.

"शूछिन, तो कागद आण गं! असले जिने माणसांसाठी असतात का? उद्या कोणाला काही परत द्यायचं झालं, तर मी दरवेळी अशी चढू?"

भिंतीला कागद टेकवून त्यांनी तिथंच सही केली. शूछिननं आधी कागद घरात नेऊन कपाटात ठेवला, आणि मग ती नवऱ्याला उचलायला परत आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन हमालांनी लुओंना वेताच्या खुर्चीत बसवून सहा मजले खाली उतरवलं आणि वैद्य गूंकडे नेलं. पुढे लाचांग स्वतःच्या चार पायांनी चालत होती.