कोरडे सुपडू नाना

आधीच माफी मागतो. सुपडू नानांवर लिहायचा मला तसा अधिकार नाही. मी ख्रिस्ती नाही, आणि आमच्या घरात सहीपलीकडे कुणी काही लिहिलेलं नाही. कॉलेजात आलेला पहिला मीच. काही चुकलं तर ते माझं समजावं, नानांचं नाही.

नरडाण्याजवळच्या आमच्या गावात नळ आठव्या दिवशी येतात. पाणी सोडायचं काम नानांचं. लांब दांड्याची लोखंडी चावी घालून ते सगळं अंग टाकून व्हॉल्व्ह फिरवतात आणि पाणी धावायला लागलं की गल्लीकडे तोंड करून ओरडतात, "हाई पानी प्या, पन सकाय परत तहान लागनारच शे!"

आठ दिवस वाट पाहून हंडे मांडून बसलेल्या बायांना उद्याच्या तहानेचं हे ऐकून काय वाटत असेल? माझी आई एकदा म्हणाली, "नाना, सकायनं सकाय देखूत. आज अर्धा तास जास्ती सोडा." नानांनी खरंच अर्धा तास जास्त सोडलं आणि ग्रामपंचायतीत बोलणी खाल्ली.

नानांना हा नाद लागला तो चर्चच्या नळामुळे. गळका नळ दुरुस्त करायला गेले, तेव्हा आत पास्टर गोष्ट सांगत होते. येशू दमून विहिरीवर बसलाय, परक्या जातीच्या बाईकडे पाणी मागतोय आणि तिला सांगतोय, हे पाणी पिणाऱ्याला परत तहान लागणारच. नानांनी पाना खाली ठेवला. देव पाणी मागतो हे त्यांना नवीन होतं. त्यांच्याकडे आजवर माणसांनीच मागितलं होतं, तेही शिव्या देऊन. तेव्हापासून वीस वर्षं त्यांचा रविवार चुकलेला नाही. तो नळ मात्र अजून गळतो, असं त्यांची बायको इंदू अक्का सांगते.

बाप्तिस्मा घ्यायचा तर माणूस पाण्यात पूर्ण बुडावा लागतो, आणि आमची नदी आठ महिने कोरडी. म्हणून चर्चमागे छातीएवढी सिमेंटची टाकी आहे. ती भरायचा मान नानांचा. त्यासाठी नळाच्या पाण्याला ते हात लावत नाहीत, ते गावाचं. मळ्यातल्या विहिरीवरून सायकलीला कॅन बांधून खेपा घालतात. पाणी फार गार नाही ना, हे कोपर बुडवून बघतात, बाळाच्या अंघोळीचं बघावं तसं. मग टॉवेल घेऊन बाजूला उभे. इतकी माणसं भिजून वर आली, नाना कोरडेच. पास्टरसुद्धा म्हणायचे, आमचा आचारी रोज उपाशीच घरी जातो.

एका सुट्टीत मी टाकीपाशी बसलो होतो. भीतभीत विचारलं, नाना, तुमचा नंबर कधी? नानांनी कॅनचं झाकण घट्ट लावलं.

"तुनी अक्का येवाले पाहिजे," ते म्हणाले. "एकटा डुबकी मारीसनी वर उनू, आनि ती आपली कोरडीच. तं मंग वर येवानं कोनासाठे?"

अक्काचं माहेर यावलचं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिथे गेलेल्या आईबापाच्या नावानं पाण्याची घागर भरून पुजतात. आई गेल्यापासून ती घागर अक्काच भरते. भावाने स्पष्ट बजावलंय, त्या टाकीत उतरलीस तर या घागरीला हात लावायचा नाही. मी विषय काढला तेव्हा अक्का भाकरी थापत होती. तशीच म्हणाली, "तेस्ना देवले तहान लागस. मना मायबापले लागत नही का?"

दर आखाजीला नानाच तिला स्टँडवर सोडायला जातात, खिडकीतून पाण्याची बाटली देतात आणि बस दिसेनाशी होईपर्यंत उभे राहतात. एका वर्षी मी सोबत होतो. बस गेली तरी ते हलेनात. अक्का घागर कशी भरते ते एकदा बघायचं होतं, म्हणाले. पण मेहुणा त्यांना दारात उभं करत नाही.

यंदा परीक्षेमुळे आखाजीला मी जळगावातच होतो. शेवटचा पेपर झाला त्या संध्याकाळी आईचा फोन आला.

अक्का यावलहून आली ती पिशवी घरी न ठेवता थेट पास्टरकडे गेली. माझ्यासाठी थांबून थांबून हा माणूस म्हातारा झाला, म्हणाली, आता त्याचं उरकून टाका. नाना नको नको म्हणत होते. रविवारी टाकीशी गेले तर आतल्या पायरीवर शेवाळ, आणि नानांचा गुडघा वाकेना. पास्टर आत पाण्यात उभे, नाना वर अडकलेले. कुणी पुढे व्हायच्या आत अक्काने लुगडं खोचलं आणि त्यांचा दंड धरून ती दोन पायऱ्या उतरली. नाना बुडाले, वर आले, तरी तिने दंड सोडला नव्हता.

म्हणजे अक्कानेही घेतला? मी विचारलं.

"नही रे," आई म्हणाली. "ती म्हनस, नुसतं धराले उतरेल व्हती."

त्याच दुपारी अक्काने यावलला फोन लावून भावाला सगळं आपणच सांगितलं. पाणी कुठवर आलं होतं, त्याने विचारलं. गुडघ्यापर्यंत, ती म्हणाली. भाऊ म्हणाला, गुडघ्यापर्यंत चालतं. पुढच्या आखाजीला घागर भरायला ये, आणि पाहुण्यांनाही आत घेऊन ये.